दहा आकडी नंबर आणि आपलं जेवणाचं टेबल

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा हा लेखी मसुदा. बोलताना झालेली पुनरुक्ती गाळली आहे.)



आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या आहेत, ते इथून दिसतंय. या मंचावर आपण शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर बोललो, अंधश्रद्धा निर्मूलनावर बोललो, कॅनडातल्या मूलनिवासींच्या निवासी शाळांवर बोललो. आणि आज काय, तर उंची जपानी स्टेक रेस्तराँची निवड कशी करावी! पण याला कारण आहे. आपल्यातल्याच एका जोडप्याच्या लग्नाला या वर्षी पंचवीस वर्षं होताहेत. दोघांनाही कोबे बीफ एकदा खऱ्या जागी खायचं आहे, आणि आम्ही दहा-बारा मित्रांनी वर्गणी काढून त्यांना न्यायचं ठरवलं. जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. एकाने विचारलं, "सगळ्यात चांगलं कुठलं?" दुसरा म्हणाला, "बीफ आहे, सगळ्यांना चालेल ना?" त्यावर तिसरी म्हणाली, "हे 'चालेल ना' आपण नेमकं कोणाच्या वतीने विचारतोय?" तिथून जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही.

मी पेशाने संशोधक. मेन्यूकार्डसुद्धा शोधनिबंधातल्या 'साहित्य आणि पद्धती'सारखं वाचायची खोड आहे. तेव्हा आधी साधी माहिती, मग वाद.

'वाग्यू' या शब्दाचा अर्थ नुसता 'जपानी गुरं' एवढाच. जपानमध्ये त्यात चार जाती धरतात, आणि त्यांतली काळी जात संख्येने सर्वांत मोठी. 'कोबे' हे मात्र गावठी दारूला 'स्कॉच' म्हणावं तसं कोणालाही लावता येत नाही. जनावर ताजिमा वंशाचं हवं, ह्योगो प्रांतातच जन्मलेलं, वाढलेलं आणि तिथेच कापलेलं हवं. शिवाय मांसातल्या चरबीच्या जाळीला बारापैकी निदान सहा गुण हवेत. हे नियम सांभाळणारी संघटना १९८३ साली स्थापन झाली. मेन्यूवर जे 'ए-५' लिहिलेलं असतं त्यातला 'ए' म्हणजे धडातून किती मांस निघालं त्याचा दर्जा, आणि पाच म्हणजे मांसाचा दर्जा. म्हणजे 'ए' हे अक्षर खरं तर घाऊक व्यापाऱ्याच्या कामाचं. आपल्या जिभेला त्याचं काही सोयरसुतक नाही. ते बारापैकी किती गुण आहेत, हे विचारावं.

कोबे बीफ जपानबाहेर अधिकृतपणे जायला लागलं २०१२ मध्ये, आधी मकाऊला, मग हाँगकाँग आणि अमेरिकेला. त्यामुळे नव्वदच्या दशकात किंवा २००५ च्या सुमाराला उत्तर अमेरिकेत आपण जे 'कोबे बर्गर' मोठ्या कौतुकाने खाल्ले, ते कोबे नव्हते. हे सांगितल्यावर माझ्या एका मित्राचा चेहरा पडला. त्याने सासऱ्यांना खाऊ घातला होता.

मग आपल्याकडे जे सर्रास 'वाग्यू' म्हणून मिळतं ते काय? १९७६ पासून काही जपानी बैल आणि गायी अमेरिकेत आल्या, त्यांची पैदास झाली, अँगसशी संकर झाले. पहिल्या पिढीत रक्त निम्मं, पुढे पाऊण, असं वाढत जातं. कॅनडातही चांगले वाग्यू पैदासकार आहेत आणि संकराचं मांसही उत्तम असू शकतं. मात्र पैसे ह्योगोचे द्यायचे आणि खायचं आल्बर्टाचं, एवढं तरी होऊ नये. कोबेची संघटना आपल्या सदस्य रेस्तराँना प्रमाणपत्र आणि बैलाची छोटी मूर्ती देते, परदेशातल्या सदस्यांची यादीही जाहीर करते. ती बघावी.

जागेचा प्रकारही ठरवावा लागतो. आपल्या डोक्यात 'जपानी स्टेकहाउस' म्हटलं की लोखंडी तव्याभोवती बसलेली मंडळी आणि सुरी फिरवणारा, कांद्याचा ज्वालामुखी करणारा आचारी येतो. त्याला तेप्पान्याकी म्हणतात. ही काही प्राचीन परंपरा नाही. कोबेतल्या मिसोनो नावाच्या रेस्तराँने १९४५ मध्ये हे सुरू केल्याचं सांगतात आणि सुरुवातीचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकन सैनिक. सुऱ्यांची सर्कस त्यात आणखी रंगवली ती न्यूयॉर्कच्या बेनिहानाने, १९६४ पासून. व्हँकुव्हरच्या अल्बर्नी स्ट्रीटवरचं कोबे जॅपनीज स्टेकहाउस हे याच लाटेतलं, १९६८ चं. लहान मुलं बरोबर असतील तर ही मजा जरूर घ्यावी. पण पंचवीस वर्षांचा संसार झालेल्या दोघांना निवांत बोलायचं असेल, तर समोर कोणी कोळंबी उडवत असताना ते जमत नाही. दुसरा प्रकार याकिनिकुचा, म्हणजे टेबलावरच्या शेगडीवर आपण स्वतः तुकडे भाजायचे. आणि तिसरा, जपानी नसलेली पण जपानी मांस जबाबदारीने आणणारी स्टेकहाउसं. टोरांटोचं जेकब्स अँड कंपनी, २००७ मध्ये सुरू झालेलं, हे याचं ठळक उदाहरण. माझा कल या तिसऱ्याकडे किंवा शांत याकिनिकुकडे आहे. आणि माणशी तीन-चार औंस पुरे. या मांसात चरबी इतकी असते की बारा औंसांचा तुकडा मागवणारा माणूस अर्ध्यातच पाणी मागायला लागतो.

आता त्या नंबराकडे येतो, ज्यामुळे मी या विषयात खरा अडकलो.

२००१ साली जपानमध्ये 'मॅड काऊ'चा पहिला रुग्ण, म्हणजे रुग्ण गाय, सापडली. लोकांनी बीफ खाणं सोडलं. २००३ मध्ये कायदा झाला: देशातल्या प्रत्येक गुराला दहा आकडी नंबर, आणि तो नंबर कानातल्या बिल्ल्यापासून दुकानातल्या पाकिटापर्यंत पोचला पाहिजे. स्टेक किंवा सुकियाकीच्या रेस्तराँतसुद्धा तो लावावा लागतो. कोणीही तो नंबर सरकारी यादीत टाकून पाहू शकतो: जन्मतारीख, जात, आईचा नंबर, कुठल्या कुठल्या गोठ्यांत वाढलं, कधी कापलं. त्याच २००३ च्या मे महिन्यात आल्बर्टात एक रोगी गाय सापडली आणि जगाने कॅनडाचं बीफ घेणं बंद केलं. तेव्हा इथे असलेल्यांना आठवत असेल, शेतकऱ्यांची काय दैना झाली होती. कॅनडातही कानातला बिल्ला २००१ पासून सक्तीचा आहे, पण तो रोगाचा माग काढण्यासाठी. मेन्यूकार्डापर्यंत तो येत नाही.

तेव्हा रेस्तराँ निवडताना माझा पहिला प्रश्न हा: "त्या दिवशीच्या मांसाचा दहा आकडी नंबर दाखवाल का?" चांगली जागा कागद आणून दाखवते, कधीकधी त्यावर त्या जनावराच्या नाकाचा ठसाही असतो. हो, नाकाचा. आपल्या बोटांसारखा प्रत्येक गुराच्या नाकाचा ठसा वेगळा असतो आणि तो जन्मनोंदीवर घेतात. बाप, आजा, पणजा, सगळी नावं लिहिलेली. १९३९ मध्ये ह्योगोत ताजिरी नावाचा एक बैल जन्मला. आज जपानमधल्या जवळपास सगळ्या काळ्या गायी त्याच्या वंशातल्या आहेत. कुलवृत्तान्त म्हणतात तो हाच!

इथे माझ्यातला शास्त्रज्ञ जरा चुळबुळतो. वंश इतका अरुंद झाला की जनुकांची विविधता आटते. लाखो गायी असूनही जनुकीय हिशेबाने ही जात मोजक्या वीसेक जनावरांच्या कळपाइतकी एकसारखी झाल्याचं जपानी संशोधकांनीच दाखवून दिलं आहे. 'शुद्ध रक्ता'चं हे असं असतं. आणि बिअर पाजतात, मालिश करतात या कथा सोडून द्या, ती सर्वसाधारण पद्धत नाही. खरी पद्धत कमी रोमँटिक आहे: चरबीची जाळी चांगली धरावी म्हणून खुराकातलं अ जीवनसत्त्व काही महिने कमी ठेवतात. अती झालं तर जनावर आंधळं होऊ शकतं. चांगला शेतकरी तोल सांभाळतो, पण ताटातल्या संगमरवरी नक्षीमागे हे आहे, ते माहीत असावं.

मात्र मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच एका नोंदवहीने.

इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने वर्षातले काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खायला बंदी घातली. पुढे बौद्ध अहिंसा आणि शिंतो सोवळं यांच्या मिश्रणातून मांस निषिद्ध मानलं गेलं. अर्थात बड्या लोकांची सोय होतीच. हिकोनेचे सरदार एदोच्या शोगुनाला मिसोत मुरवलेलं गोमांस 'औषध' म्हणून पाठवत. आपल्याकडे 'प्रकृतीसाठी' म्हणून घेणारे असतात ना, तसंच. पण गुरं मरत होती, चामडं लागत होतं, ढोलाला, चिलखताला, खोगिराला. ते काम ज्यांच्यावर टाकलं ते अस्पृश्य ठरले. त्यांची वस्ती वेगळी, लग्नं वेगळी. आज त्यांना बुराकुमिन म्हणतात. काही बौद्ध मठांनी तर त्यांच्या थडग्यांवरच्या मरणोत्तर नावांतसुद्धा 'पशू' अशा अर्थाची अक्षरं घातली. बुद्धाच्या नावाने हे झालं, हे आपल्यापैकी अनेकांना वाचायलाही जड जाईल.

१८७१ मध्ये मेइजी सरकारने फर्मान काढून ही अस्पृश्यता कायद्याने संपवली. १८७२ च्या सुरुवातीला खुद्द सम्राटाने बीफ खाल्लं आणि ती बातमी झाली. पाश्चात्त्यांसारखं बलवान व्हायचं तर मांस खा, असा संदेश. त्याच १८७२ मध्ये कुटुंबनोंदणीचं नवं रजिस्टर आलं, आणि त्यातल्या काही नोंदींत या माणसांपुढे 'नवे सामान्यजन' किंवा थेट जुनं जातनाव लिहिलं गेलं. मांस रातोरात प्रतिष्ठित झालं. ते कापणारा कागदावर डागलेलाच राहिला.

ते रजिस्टर लोकांसाठी बंद झालं १९६८ मध्ये. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं कोणीही जाऊन भावी सुनेची मुळं तपासू शकत होतं. आणि १९७५ मध्ये उघडकीला आलं की देशभरच्या बुराकु वस्त्यांची यादी छापून कंपन्यांना विकली जात होती, नोकरीच्या अर्जावरचा पत्ता ताडून पाहण्यासाठी. लग्नाआधी खाजगी गुप्तहेर लावायचे ते वेगळंच. टोक्योच्या शिनागावा भागातल्या मांसबाजाराजवळ एक छोटं माहिती केंद्र आहे. तिथल्या कामगारांना आलेली निनावी, द्वेषाने भरलेली पत्रं तिथे लावून ठेवली आहेत. ही पत्रं जुनीपुराणी नाहीत, आजच्या जपानमधली आहेत. त्याच बाजारातून टोक्योच्या उत्तमोत्तम रेस्तराँमध्ये मांस जातं.

म्हणजे एका बाजूला बैलाची वंशावळ, जितकी लांब तितका भाव जास्त. दुसऱ्या बाजूला माणसाची वंशावळ, सापडली की नोकरी गेली, सोयरीक मोडली.

मराठी माणसाला हे ऐकताना काही फार लांबचं वाटत नाही. ३ मार्च १९२२ रोजी क्योतोमध्ये बुराकुमिनांनी 'सुइहेइशा' ही समतेची संघटना स्थापन केली. बरोबर पाच वर्षांनी, मार्च १९२७ मध्ये, महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचं मांस खाणं सोडा, असं आवाहन केलं आणि चवदार तळ्यावर सगळे गेले. पुढे १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेची मुळं बौद्धांविषयीच्या तिरस्कारात आणि गोमांसभक्षणात असल्याची मांडणी केली. सगळे इतिहासकार ती जशीच्या तशी मान्य करत नाहीत, पण ताट आणि जात यांची गाठ त्यांनी जितकी स्पष्ट दाखवली तितकी दुसऱ्या कोणी दाखवली नाही. २००१ मध्ये दरबानच्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत दलित आणि बुराकु कार्यकर्ते एकाच बाजूला उभे होते, ते उगाच नव्हे.

आणखी एक साम्य थेट स्वयंपाकघरातलं. ओसाकाकडच्या बुराकु वस्त्यांत 'साइबोशी' करतात, म्हणजे घोड्याच्या किंवा गाईच्या मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या. 'आबुराकासु' करतात, म्हणजे चरबी निघेपर्यंत तळलेली आतडी. मराठवाड्यात महार-मांगांच्या घरांवर दोरीला वाळत घातलेल्या 'चान्या' म्हणजे हेच की. शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ मध्ये आलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं, चान्या, वजरी, रक्ती हे सगळं पाककृतींसकट त्यात आहे. त्याच्या आधी, २००९ मध्ये, पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी विचारलं होतं की ही थाळी भारतीय नाही का? वरणभात-तुपाला 'मराठी जेवण' म्हणायचं आणि हे जेवण मोजायचंच नाही, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या केलं. आपल्या इथल्या गणपतीच्या, दिवाळीच्या जेवणांचे मेन्यू आठवून पहा.

आणि २०१५ मध्येच, मार्च महिन्यात, महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. वीस वर्षं पडून असलेल्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली. गाईची कत्तल आधीच बंद होती. पाच वर्षांपर्यंत शिक्षा. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्याबाहेर कापलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, पण राज्यातली बंदी कायम ठेवली. त्याने कुरेशी खाटकांचा धंदा गेला, भाकड बैलाचं काय करायचं हा कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न आणखी बिकट झाला, आणि गरिबाचं स्वस्त प्रथिन गेलं. आपण मात्र इथे बसून पहिल्या पगारापासून स्टेक खातो, भारतात फोनवर सांगत नाही, आणि सुट्टीत गेलो की शुचिर्भूत होतो. मी कोणाला दोष देत नाही. आई-वडिलांचं मन मोडायचं नाही, हे मला समजतं. पण 'वाग्यू' म्हटलं की तेच मांस उच्च अभिरुची ठरतं आणि 'चान्या' म्हटलं की नाक मुरडलं जातं, हा फरक चवीचा नाही. आमच्या गटातल्या तिसरीचा प्रश्न नेमका हा होता. "सगळ्यांना चालेल ना" म्हणताना 'सगळे' म्हणजे शाकाहारी घरातले आपण. ज्यांच्या घरी हे नेहमीच चालत आलं आणि त्यापायी ज्यांनी अपमान सोसले, ते त्या 'सगळ्यां'त धरलेलेच नसतात. तिने हे स्वतःच्या घरावरून सांगितलं. ते तपशील मी इथे सांगणार नाही, ते तिचे आहेत.

कॅनडाबद्दल थोडं. इथल्या तुकड्यामागचे हात कोणाचे? २०२० च्या एप्रिल-मे मध्ये आल्बर्टातल्या हाय रिव्हरच्या कार्गिल कारखान्यात सुमारे २००० कामगारांपैकी ९०० हून अधिक जणांना कोविड झाला. देशातल्या बीफचा मोठा हिस्सा त्या एका कारखान्यातून येतो. लागण झालेल्यांत फिलिपिनो आणि इतर स्थलांतरित मोठ्या संख्येने होते. खांद्याला खांदा लावून सुऱ्या चालवण्याचं काम घरून करता येत नाही. आपण तेव्हा झूमवर आंबट पावाच्या पाककृती एकमेकांना देत होतो. इथे कोणाला त्यांच्या आडनावावरून अस्पृश्य म्हणत नाहीत हे खरं, पण कुठलं काम कोणाच्या वाट्याला येतं ते पहा. आणि आडनावांचं म्हणाल तर ती चौकशी आपणच बरोबर घेऊन आलो आहोत. २०२३ मध्ये टोरांटोच्या शालेय मंडळाला जातीच्या प्रश्नावर ठराव करावा लागला आणि त्याच वर्षी ऑन्टारियोच्या मानवाधिकार आयोगाने जातिभेद हा भेदभावच आहे असं लेखी सांगितलं, ते काही जपानी लोकांमुळे नव्हे.

असो. जागा तर निवडायचीच आहे. एक गट म्हणाला की एवढं सगळं कळल्यावर जाऊच नये. मला ते पटत नाही. न जाण्याने कुठल्याच कामगाराचं भलं होत नाही, आणि त्या दोघांचा दिवस मात्र जातो. पर्यावरणाचा मुद्दा रास्त आहे, म्हणून वर्षातून एकदा, आणि तीन औंस.

मी रेस्तराँला फोन करताना जे विचारतो ते असं. आयात केलेलं की इथलं? इथलं असेल तर संकर कितव्या पिढीचा? नंबर दाखवता का? कोबे म्हणत असाल तर प्रमाणपत्र कुठे आहे? या प्रश्नांनी जो वैतागतो त्याच्याकडे जाऊ नये. जो आनंदाने शेतकऱ्याचं नाव सांगायला लागतो त्याच्याकडे जावं.

आमच्यात दोघं पूर्ण शाकाहारी आहेत, आणि त्यांना "सॅलड खा की" म्हणून वाटेला लावणं हेही बरं नाही. तेप्पान्याकीत तवा एकच असतो आणि भातसुद्धा बऱ्याचदा त्याच चरबीत परततात. मिसो सूप दिसायला निरुपद्रवी, पण त्यातल्या दाशीत सुकवलेला मासा असतो. तेव्हा स्वतंत्र तवा, समुद्रशेवाळाची किंवा शिताकेची दाशी, हे आधी बोलून घ्यावं लागतं. टोफू, वांगं, मशरूम यांत जपानी आचारी कमाल करतात, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं.

एकाने सुचवलं की बीफ खाणारे आणि न खाणारे अशी दोन टेबलं करू, म्हणजे कोणाची अडचण नको. याला मी सरळ नाही म्हणालो. दोन पंगती करायला आपण इतक्या लांब आलो नाही. टेबल एकच मागितलं आहे, चौदा जणांचं. ज्याला वास सोसत नाही त्याने खिडकीकडची खुर्ची घ्यावी, ती पहिल्यांदा येईल त्याला मिळेल.

आणि शेवटचं, पैशांचं. बिल मोठं होणार. वर्गणी सगळ्यांना सारखी परवडेल असं समजू नका, आपल्यातल्या दोघांच्या नोकऱ्या या वर्षी गेल्या आहेत. ज्याला जेवढं जमेल तेवढं त्याने पाकिटात घालून माझ्याकडे द्यावं, पाकिटावर नाव नको. उरलेलं आम्ही तिघं-चौघं बघून घेऊ. त्या रात्रीच्या मांसाचा कागद मात्र मी मागून घेणार आहे. त्यामागच्या कोऱ्या बाजूवर सगळ्यांनी त्या दोघांसाठी दोन ओळी लिहायच्या आहेत, तेव्हा पेन बरोबर आणा.